डाव्या पायाचं सँपल, वेळ दोन चाळीस

आधीच सांगून टाकतो – भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी दुसरा चहा मागवणारा माणूस आहे, घाबरणारा नाही. आमच्या नांदेडच्या घरी अम्मी दर गुरुवारी लोबानचा धूर फिरवायची आणि मी खोकत खोकत अंगणात जाऊन बसायचो. पुढे उभा जन्म लॅबोरेटरीत गेला. रक्त, लघवी, थुंकी... जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव मी नेमाने वाचतो, मजाही येते, पण अर्ध्याहून जास्त वेळा मनात म्हणतो, "अरे, याची शुगर तपासा कुणीतरी!" तेव्हा तुम्हीही माझ्याबद्दल तसंच म्हणा, मला राग नाही. मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुम्हाला एक विचारायचं आहे.

भूकंप झाला त्या वर्षी मी नांदेडहून लातूरला आलो. तंबूतल्या दवाखान्यात रक्त तपासायचं दोन महिन्यांचं काम होतं. दोन महिने संपले, मी मात्र राहिलो. मग बघता बघता लातूरचा नूरच पालटला. जिकडे बघावं तिकडे क्लासेस. उमरी, भोकर, चाकूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊ लागली. घरमालकांनी जनावरांचे गोठे रंगवून 'विद्यार्थ्यांसाठी रूम' अशा पाट्या लावल्या. अशाच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर मी माझी लॅब टाकली. खाली बालाजीचं झेरॉक्सचं दुकान. वर यायला बाहेरून एकच लोखंडी जिना, आणि तो इतका वाजायचा की मांजर चढलं तरी मला कळायचं. रस्ता ओलांडला की समोर लहान मुलांचं दहा खाटांचं हॉस्पिटल. ते चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळी गल्ली 'मॅडम' म्हणायची, मीही तेच म्हणायचो.

लॅबमधली माझी आवडती वस्तू म्हणजे फ्लेम फोटोमीटर. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजायचं जुनं मशीन. गॅसची एक छोटी निळी ज्योत असते, तिच्यात पातळ केलेलं सँपल फवारलं की सोडियममुळे ती पिवळी होते. जितकं सोडियम, तितका पिवळा. काटा आकडा दाखवतो. अंगातलं मीठ आगीत धरून मोजायचं, एवढाच प्रकार. सोडियम एकशे पस्तीस ते पंचेचाळीस असलं की माणूस ठीक. फार उतरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, आणि लहान लेकराला तर फार लवकर येतात.

आणि माझा एक नियम होता. ट्यूब माझ्या हातात कुणीतरी दिली पाहिजे, लेबलवर नाव-वय पाहिजे, आणणाऱ्याचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर सँपल सरळ सिंकमध्ये. मग ते कलेक्टरचं का असेना. हॉस्पिटलच्या शांता सिस्टरचे आणि माझे यावरून रोज खटके. "भाई, तुम्ही पोलिसात जायाचं सोडून इथं कशाला आलात?" ती म्हणायची. मी म्हणायचो, "सिस्टर, ज्याचं रक्त त्याचाच रिपोर्ट. एवढं एक जमलं तरी माझी पोळी हलाल."

आता तो दिवस. भूकंपाला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. ऑक्टोबर, दुपारचा एक वाजून गेलेला, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. मी सकाळचं काम आटोपून डबा उघडणार, एवढ्यात ट्यूबच्या स्टँडमध्ये काचा वाजल्या. किणकिण... किणकिण...

भूकंपानंतर लातूरच्या माणसाला लागलेली खोड तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. भांडं वाजलं की आधी पळायचं, मग विचार करायचा. ट्रक गेला तरी बाया लेकरं घेऊन अंगणात. माझंही तेच. डबा तसाच टाकून धडधड जिना उतरलो आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. बघतो तर रस्त्यावर सगळं शांत. समोरच्या क्लासची एकची बॅच सुटलेली, पोरं सायकली काढत होती, आणि सगळी माझ्याकडे बघून हसत होती. मी एकटाच पळालेला.

बालाजी दुकानातून म्हणाला, "भाई, झोपला व्हता का? कुठला भूकंप?"

"अरे, काचा वाजल्या वर!"

"माझं मशीन बघा की, जागचं हल्लं न्हाई. जावा, जेवा गुमान."

ओशाळून वर आलो. दोन मिनिटंही झाली नसतील. रस्त्यात उभा होतो तरी जिना सारा वेळ माझ्या समोर होता, वर कुणी गेलेलं नव्हतं, दुसरी वाट नाही. आणि स्टँडमध्ये एक ट्यूब जास्त होती.

सकाळचं सगळं काम संपवून मी स्टँड रिकामं केलं होतं. धुतलेल्या सहा ट्यूबा पालथ्या ठेवल्या होत्या. ही सातवी सुलटी, बूच लावलेली, रक्ताने भरलेली. लेबल नीट चिकटवलेलं. निळ्या शाईत लिहिलं होतं – 'वैष्णवी, वय २. सोडियम पोटॅशियम. डाव्या पायातून. २.४०'. अक्षर शांता सिस्टरचं. 'वैष्णवी'तल्या 'ण'वर पेन अडखळलेलं, मग पुन्हा गिरवलेलं.

मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

पहिला विचार आला तो रागाचा. सिस्टरने कुणाकडून तरी ट्यूब पाठवली, त्याने गुपचूप ठेवली आणि वेळ चुकीची टाकली! पण ट्यूब उचलली आणि हात जागीच थांबला. रक्त गोठून खाली बसलेलं, वर स्वच्छ पिवळट पाणी, म्हणजे सिरम, सुटलेलं. रक्त काढल्यावर एवढं व्हायला अर्धा तास तरी लागतो. म्हणजे ही ट्यूब इथे यायच्या आधी कुठेतरी अर्धा तास पडून होती. आणि धरली तर गार नव्हती. तापातल्या लेकराचा हात असतो तशी कोमट होती.

नियमाप्रमाणे सिंकमध्ये ओतायला हवी होती. सिंकपर्यंत गेलोही होतो. का ओतली नाही ते मला आजही सांगता येणार नाही. वय दोन वाचलं म्हणून असेल... माझी धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. मी ज्योत पेटवली.

सँपल फवारलं. ज्योत पिवळी झाली, पण रोजच्यासारखी नाही, फिकी, पाणी घातल्यासारखी. सोडियम एकशे चौदा. पुन्हा केलं. एकशे चौदा. पोटॅशियम चार पूर्णांक सहा, अगदी ठणठणीत. एकशे चौदा सोडियमचं दोन वर्षांचं लेकरू म्हणजे झटक्यांनी तडफडत असणार, किंवा त्याच्याही पुढे गेलेलं असणार. मी वही-बिही काही न बघता रस्ता ओलांडून हॉस्पिटलात पळालो.

शांता सिस्टर टेबलावर डबा खात बसली होती.

"सिस्टर, वैष्णवी कोणत्या खाटेवर आहे?"

"कोण वैष्णवी?"

"दोन वर्षांची. झटके येत असतील तिला. सोडियम पाठवलंय ना तुम्ही?"

"भाई, सकाळधरनं मी एक बी सँपल पाठवलं न्हाई सोडियमचं. वैष्णवी नावाचं पेशंटच न्हाई आपल्याकडं. ऊन लागलं का तुम्हाला?"

मी स्वतः दहाच्या दहा खाटा फिरून आलो. सहा लेकरं होती. खोकला, जुलाब, एक प्लास्टरवालं. वैष्णवी नव्हती. तसाच खाली मान घालून परत आलो, डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकून ठेवला. रिपोर्ट लिहावा तर कुणाच्या नावाने पाठवायचा? फेकावा तर ज्योतीत मी डोळ्यांनी बघितलेलं. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. भुताची नव्हे. आपलंच डोकं ठिकाणावर नाही की काय, याची.

दोनच्या सुमाराला खालून बाईचं किंचाळणं आलं.

खिडकीतून बघितलं. ऑटोतून एक पंचविशीची बाई उतरली, पदर सुटलेला, हातात पोरगी. पोरगीचं डोकं मागे पडलेलं, हातपाय ताठ, ओठ निळे. तिच्यामागे सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा, पाठीला क्लासची बॅग तशीच. मी जिना कसा उतरलो मला माहीत नाही. हॉस्पिटलच्या दारात त्या बाईला विचारलं, "बाई, नाव काय लेकराचं?"

"वैष्णवी... भाऊ, वाचवा हिला, मघाधरनं तिसऱ्यांदा असं करायलीय..."

माझ्या मागे शांता सिस्टर उभी होती. तिने ते नाव ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

मॅडमनी झटक्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, उजव्या हाताला शीर सापडली त्यात साधं सलाईन जोरात सोडलं. ताप एकशे तीन. तापात लहान लेकरांना झटका येतो, बहुतेकदा दोन-पाच मिनिटांत आपोआप थांबतो आणि काही बिघडत नाही, हे मॅडम रोज आयांना समजावत असत. पण एकाच दिवसात तीन झटके, आणि मधल्या वेळात लेकरू शुद्धीवर नाही... मॅडम म्हणाल्या, "सोडियम-पोटॅशियम काढून घ्या लगेच. भाई, तुम्ही इथेच आहात ना, हातोहात न्या."

रक्त काढलं दोन वाजून पाच मिनिटांनी. मी उभा होतो. घाईत, जिथे शीर सापडली होती तिथूनच काढलं, त्याच उजव्या हातातून. ट्यूब माझ्या हातात दिली, नाव-वय बरोबर, आणणारा मी स्वतः. माझ्या नियमात अगदी चोख बसणारं सँपल.

वर येऊन रक्त गोठेपर्यंत थांबलो, मशीनमध्ये फिरवून सिरम वेगळं केलं, फवारलं. ज्योत झकास पिवळी. सोडियम एकशे छत्तीस. नॉर्मल! पोटॅशियम दोन पूर्णांक एक. खूपच कमी.

आता माझी अवस्था समजून घ्या. टेबलावर दोन ट्यूबा. एकीचं सगळं रीतसर, ती सांगते की सोडियमला काही झालेलं नाही, पोटॅशियम द्या. दुसरी कुठून आली ते अल्लाला ठाऊक, ती सांगते पोटॅशियम उत्तम आहे, लेकराचं मीठ संपलंय. ज्याला पोटॅशियमची गरज नाही त्याच्या शिरेत ते गेलं तर हृदय बंद पडू शकतं. आणि ज्याचं सोडियम एकशे चौदा आहे त्याला नुसती झटक्याची औषधं देऊन झटका थांबत नाही. एक रिपोर्ट खरा असला तर दुसऱ्यावर विसंबून पोरगी मरते. मी कोणता कागद घेऊन खाली उतरणार, त्यावर ती जगणार होती.

खरं सांगतो, रोजच्या दिवशी मी तो एकशे छत्तीसवाला कागद दिला असता आणि जेवायला बसलो असतो. उलट्या-जुलाबात पोटॅशियम उतरतंच, असं स्वतःला सांगितलं असतं. पण मधोमध ती दुसरी ट्यूब उभी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं – डाव्या पायातून. का लिहिलं असेल पायाचं? कुणी लिहीत नाही असं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलंय! ट्यूबमध्ये अर्धं रक्त आणि अर्धं सलाईन. सलाईनमधल्या मिठाने सोडियम वर चढलं, आणि पाण्याने पोटॅशियम अर्ध्यावर आलं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट. मी डोळ्यादेखत होऊ दिली होती.

पळत खाली गेलो. उजव्या हाताच्या सँपलचे आकडे मी काटा बघताक्षणीच खिडकीतून ओरडून सांगितले होते. हो, तीही माझीच चूक. शांता सिस्टर पोटॅशियमचं इंजेक्शन फोडत होती.

"थांबा! ते देऊ नका. सँपल चुकलंय. सलाईनच्या हातातलं आहे ते. दुसरीकडून काढा."

मॅडम वैतागल्या. "भाई, डाव्या हाताला शीर नाही, दोनदा बघितली. किती टोचायचं लेकराला?"

"मॅडम, डाव्या पायाला बघा."

"तुम्हाला काय माहीत पायाला आहे म्हणून?"

काय सांगणार होतो मी? "सिरम पातळ वाटलं मॅडम, म्हणून म्हणतो," एवढंच बोललो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मॅडम स्वतः वाकल्या आणि पोरगीचा डावा पाय हातात घेतला. घोट्याजवळ पहिल्याच टोचण्यात रक्त आलं. सिस्टरने लेबल लिहिलं. 'वैष्णवी'च्या 'ण'वर तिचं पेन अडखळलं. तिने झटकून पुन्हा गिरवलं. मॅडम म्हणाल्या, "पायातून काढलंय असं लिहा, आता गोंधळ नको. वेळ पण टाका." सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन चाळीस.

मी ती ट्यूब मुठीत धरली. कोमट होती.

एकशे चौदा. पोटॅशियम चार पूर्णांक सहा.

मॅडमनी तीन टक्क्यांचं कडक मिठाचं सलाईन मागवलं आणि हळूहळू, घड्याळ लावून सोडलं. अर्ध्या तासात पोरगीचा झटका थांबला. संध्याकाळी चारनंतर तिने डोळे उघडले आणि आईला बघून रडायला लागली. त्या रडण्याने आख्खं हॉस्पिटल हसलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मला लाज वाटली नाही.

एवढं सोडियम उतरलं कसं, ते नंतर आईच्या बोलण्यातून कळलं. ती चाकूरकडच्या शेतकरी घरातली सून. दीर बारावीला, त्याला लातूरला क्लास. त्याला करून घालायला सासरच्यांनी सुनेला लेकरासकट इथे खोली करून ठेवलेली. एकच खोली, एकच बल्ब, आणि क्लासची परीक्षा तोंडावर.

"काल सकाळधरनं ताप आला, भाऊ," ती म्हणाली. "पोरगी सारखी रडू लागली. दिराचा अभ्यास होईना. मामंजी म्हनले व्हते, त्याच्या अभ्यासात खंड पडू देऊ नको. मग दुकानातनं ग्लुकोज पावडर आनली. पान्यात कालवून बाटलीत भरली. रडली की बाटली, रडली की बाटली. तापात लई पानी द्यावं म्हनत्यात ना? पेज दिली ती बी अळनी. तापात मीठ बाधतंय म्हनून."

"किती बाटल्या गेल्या असतील?"

"मोजल्या न्हाईत, भाऊ. गप राहिली की मला बरं वाटायचं."

दीर कोपऱ्यात उभा होता. तो एकाएकी म्हणाला, "वैनी, मी कधी म्हनलो का रडू देऊ नको म्हनून?" आणि तोंड झाकून बाहेर निघून गेला. कुणावर रागवायचं? मीठ-साखरेचं पाणी दिलं असतं तर काही झालं नसतं. नुसतं गोड पाणी दीड दिवस पाजत राहिली, आणि लेकराच्या अंगातलं मीठ विरत गेलं. शांत ठेवायच्या नादात ती पोरगी कायमची शांत होणार होती.

त्या संध्याकाळी वर येऊन मी डाव्या पायाच्या दोन्ही ट्यूबा शेजारी ठेवल्या. लेबलं एकमेकांशी जुळवून बघितली. 'ण'वरचं अडखळणं, गिरवणं, दोनच्या आकड्याची शेपटी, सगळं एकावर एक ठेवल्यासारखं. मी पोरगीचे दोन्ही पाय स्वतः बघून आलो. डाव्या पायाला टोचल्याची खूण एकच. रक्त एकदाच निघालं होतं. ट्यूबा मात्र दोन होत्या.

ट्यूबा पुढे लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद राहून खराब झाल्या, मी फेकून दिल्या. जपायला हव्या होत्या, आता वाटतं. मॅडमना काही महिन्यांनी धीर करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाई, त्या दिवशी तुम्ही दमला होता. एकच सँपल दोनदा केलं असेल आणि वेळेचा घोळ झाला असेल." मला फार बरं वाटलं हे ऐकून. मलाही तेच मानायचं होतं. पण बालाजीला आठवतं की मी एकची बॅच सुटताना भूकंप भूकंप म्हणून पळालो होतो. आणि शांता सिस्टरला आठवतं की पोरगी यायच्या आधी मी तिचं नाव घेऊन खाटा शोधल्या होत्या. त्यानंतर सिस्टर माझ्या लॅबची पायरी कधी चढली नाही. सँपल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. रस्त्यात दिसली तर बाजू बदलायची.

इथे हे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं. लेकरू वाचलं, देवाची करणी म्हणून सोडून दिलं असतं. माझ्यासारख्या माणसानेही एवढं केलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात, पुन्हा भरदुपारी, मी खुर्चीत बसलेलो असताना काचा वाजल्या.

या वेळी मी पळालो नाही. स्टँडकडे बघत बसलो. ट्यूबा थरथरत होत्या, टेबल स्थिर होतं, ग्लासातलं पाणी स्थिर होतं. खूप वाटत होतं की बघावं, ती येते कशी... पण अंगावर असा काटा आला की मी डोळे गच्च मिटले. भ्यालो, दुसरं काही नाही. आवाज थांबल्यावर उघडले. स्टँडमध्ये एक ट्यूब जास्त होती.

लेबल होतं. अक्षर ओळखीचं नव्हतं, थरथरतं, पेन्सिलीतलं. लिहिलं होतं – 'छकुली. दीड वर्ष.' एवढंच. आडनाव नाही, वेळ नाही, हात की पाय काही नाही.

सोडियम एकशे नऊ.

मी रिपोर्ट लिहिला, खिशात घातला आणि लॅब उघडी टाकून निघालो. मॅडमकडे छकुली नव्हती. लातूरमधलं लहान मुलांचं एकेक हॉस्पिटल केलं. सरकारी दवाखाना केला. "छकुली आहे का? दीड वर्षाची, ताप आणि झटके?" लोक विचारायचे, नाव काय पोरीचं? छकुली हे काय नाव झालं? आमच्याकडे घराघरात एक छकुली असते, भाई. तीन दिवस लॅब बंद ठेवली. नांदेडला भावाला फोन करून तिकडच्या हॉस्पिटलांत पाठवलं. चाकूर, औसा, निलंगा, बसने जाऊन आलो. एका दवाखान्यात तर लेकरं चोरणारा समजून मला पकडून ठेवलं. छकुली मिळाली नाही. आलीच नाही कुठे, किंवा आली आणि मला कळलं नाही.

बायको माझी समजूत घालायची. आमच्या घरच्या बोलीत म्हणायची, "देखो जी, उस बच्ची कू कुछ हुआच नहीं होइंगा. इत्ता सोचू नको." म्हणजे तिला काही झालंच नसेल, एवढा विचार करू नको. मीही तसं मानून बघितलं. त्यानंतर आजपर्यंत एकही ट्यूब आली नाही. मी आता म्हातारा झालो, मशीनं बदलली, ती ज्योत कधीच विझली. कसं झालं, का झालं, माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं वाटतं त्यांनी कृपया मला पटवायला येऊ नये.

मला फक्त एवढंच विचारायचं आहे. त्या काळात, आपल्या भागात, तुमच्या घरात-शेजारात छकुली म्हणून हाक मारायची अशी दीड वर्षाची पोर होती का, जिला उन्हाळ्यात ताप येऊन झटके आले? ती वाचली का? आता मोठी झाली असेल... असेल तर इथे खाली दोन शब्द लिहा. नसेल, तरी लिहा.

कारण तीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ट्यूबमध्ये रक्त आपोआप येत नाही. कुठेतरी, कुणीतरी त्या लेकराला सुई टोचली होती. कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर तिची आई बसली होती, दर पावलाच्या आवाजाला मान वर करून बघत, रिपोर्ट आला का म्हणून. आणि रिपोर्ट माझ्या खिशात होता.